मिठाच्या पाण्यात हात

माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकलेली आहेत. कोणी विचारलं तर मुंबईच्या गोदीत पेटी पडली असं मी सांगत असे. आता तसं सांगत नाही. मला महारोग झाला होता. तीन वर्षं मी महारोग्यांच्या रुग्णालयात काढली आणि आता डॉक्टरांनी तपासून, तसा कागद देऊन घरी सोडलं आहे. ज्यांना हा रोग झालाय, किंवा झाला असेल अशी मनात धाकधूक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी लाजेचं सांगतो, कारण त्या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही.

*

मी पूर्णगडचा, किल्ल्याखालच्या वाडीतला. मराठी चौथी झालो आणि बापाच्या होडीवर गेलो. पावसाळा उतरणीला लागला की आमच्या खाडीवर होड्यांची शर्यत लागे. एकेका वाडीची एकेक होडी, तिच्यावर आठ वल्हेकरी आणि मागे सुकाणूवर एक. सलग सहा वर्षं आमची होडी पहिली आली आणि सहाही वर्षं सगळ्यात पुढचं वल्हं माझं होतं. एकदा दाभोळच्या लोकांनी ईर्षेनं बोलावलं, तिथेही जाऊन जिंकून आलो. मी बाजारात गेलो की म्हाताऱ्या बायका पोरांना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या. माणसाच्या डोक्यात जायला एवढं पुरतं, आणि माझं डोकं मुळातच उथळ.

खांदा दुखावला तेव्हा मी वल्हं सोडलं आणि सुकाणूवर बसलो. पहिलवानांना वस्ताद असतो तसा आमच्याकडे वल्हेकऱ्यांनाही असतो. मी वस्ताद झालो. शिकवायला मी चांगला होतो, हे खोटी नम्रता न करता सांगतो. हातानं ओढू नका, पाठीनं ओढा. पाण्याला मारू नका, पाण्याला धरा. शेजाऱ्याकडे बघू नका, त्याचा श्वास ऐका. हे मी शिकवलं आणि पोरं शिकली. ते तेवढंच शिकवून थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

*

आमच्यात एक जुनी रीत होती. सरावाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तळव्यांना फोड येऊन ते फुटलेले असत. किनाऱ्याला आलं की वस्ताद लाकडी काथवटीत मिठाचं दाट पाणी करून ठेवी. एकेकानं यायचं, फुटलेले हात त्यात बुडवायचे आणि वस्ताद पन्नास मोजेपर्यंत ठेवायचे. जो आधी काढील त्याची होडीवरची जागा गेली. मिठानं जखम स्वच्छ होते आणि घट्टे लवकर धरतात, हे खरंच आहे. पण आम्हाला घट्ट्यांपेक्षा तमाशात गोडी होती. आधी वस्तादानं स्वतः हात बुडवून दाखवायचा, हा मान.

मी एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा हात बुडवला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं होतं. पन्नास मोजून होईपर्यंत मी ओठ चावून फोडला होता. पुढे वस्ताद झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षंही चांगलंच झोंबायचं. मग कमी होत गेलं. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की डावा हात झोंबतच नाही.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मी सिद्ध झालो. इतकी वर्षं वल्हं मारून हात लोखंडाचा झाला. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. मी पन्नासावर थांबेना. डावा हात काथवटीत ठेवून मी शंभर मोजे, मोजता मोजता विडी ओढे, कोणाची तरी थट्टा करी. तळव्याच्या फुटलेल्या कातडीतून रक्त पाण्यात उतरे आणि मी हसत असे. मग त्याच काथवटीत, त्याच पाण्यात, एकेकजण आपले फुटलेले हात घाली.

"वस्ताद, तुमचा हात हाय की लाकूड?" पोरं विचारायची.

"तुमचा पन हुईल. आधी रडायचा सोडा," मी म्हणायचो.

खाडीच्या दोन्ही काठांना ही गोष्ट सांगत असत. शर्यती जिंकल्याचा नव्हता एवढा मला त्या हाताचा गर्व होता.

*

रघू माझ्या होडीवरचा सगळ्यात चांगला वल्हेकरी. बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं, बोलायला कमी. त्याचं वल्हं पाण्यात शिरताना आवाज होत नसे. माझ्यानंतर सुकाणूवर हाच बसणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. मला ते आवडत होतं असं मी तेव्हा म्हणत असे.

त्या वर्षी त्याच्या तळव्याला वल्ह्याचं कुसळ घुसून खोल जखम झाली होती. काथवटीत हात घातला आणि मी वीस मोजायच्या आत त्यानं तो झटक्यात बाहेर काढला.

"वस्ताद, ह्यो फोडाचा दुखना नाय. आत कायतरी हाय," तो म्हणाला.

सगळी वाडी किनाऱ्यावर उभी होती. त्याची बायकोही होती. मी माझा डावा हात वर धरला, रक्ताळलेला, आणि म्हणालो, "माझ्या हाताला काय कमी लागला हाय? माझा दुखता काय? बांगड्या भर नि घरात बस."

लोक हसले. रघूनं हात परत पाण्यात घातला. मी मुद्दाम पन्नासाचे शंभर केले.

त्यानंतर त्यानं दुखतंय असा शब्द काढला नाही. आठवडाभर सूज घेऊन वल्हं मारत राहिला. तळवा काळा पडला आणि ताप चढला, तेव्हा त्याच्या बापानं त्याला उचलून रत्नागिरीला नेलं. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. वल्हं कायमचं गेलं. तो परत आला तेव्हा मी भेटायला गेलो होतो. त्याची आई मला म्हणाली, "वस्ताद, पोर माझा कच्चा निघाला. तुमी वाईट वाटून घेव नका." मी मान डोलावली आणि तिनं दिलेला चहा प्यालो.

*

पुढच्या माघातली सकाळ. माझी बायको भागीरथी घावणे घालत होती. तिला वाकायला त्रास नको म्हणून, खरं तर उगाच ऐट म्हणून, मी चुलीवरचा बिडाचा तवा डाव्या हातानं कडेला धरून उचलला.

"अवो, जळल्याचा वास कसला येतोय?" ती म्हणाली. मी इकडेतिकडे बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. "ठेवा तो खाली. ठेवा आदी."

बोटांची कातडी तव्याला चिकटून निघाली. मला काही कळलं नव्हतं. मी हसून म्हणालो, वल्हेकऱ्याचा हात आहे. भागी हसली नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी, हे गावाला ठाऊक होतं. मला जरा उशिरा कळलं. दोन दिवसांत तिनं मला रत्नागिरीला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी माझ्या कोपरामागची शीर चाचपली. मग म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की हं म्हणायचं." उजव्या हाताला टोचलं, मी हं म्हणालो. पुन्हा टोचलं, पुन्हा म्हणालो. मग बराच वेळ काही होईना. मी आपला वाट बघत बसलो. शेवटी म्हणालो, "डावा हात राह्यला, डॉक्टर. टोचा की."

"डोळे उघडा," ते म्हणाले.

माझ्या डाव्या करंगळीत टाचणी उभी होती.

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. महारोग; आमच्याकडे त्याला रक्तपिती म्हणतात. आत बसलेल्या भागीनं पदर तोंडाशी नेला. डॉक्टर म्हणाले, हे चार-पाच वर्षांचं तरी असावं. माझ्या मनात पहिला विचार आला तो रघूचा नव्हता, बायकोचाही नव्हता. आपण या दारातून बाहेर पडताना ओळखीचं कोणी बघेल का, हा होता. काथवट मला आठवली ती बाहेर बाकावर बसल्यावर. चार-पाच वर्षं. मी दिवस मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

*

गावात सांगितलं की मी मुंबईला गोदीत लागलो. आमच्याकडे निम्मे पुरुष मुंबईलाच असतात, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. माझी मुलगी शांती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्यासाठी हे खोटं, असं भागी म्हणाली. मी लगेच मान्य केलं. मुलीच्या नावाखाली बापाला लपायला चांगली जागा मिळाली.

रुग्णालयात आठवड्यातून दोनदा कडू कवठीच्या तेलाची सुई असे. जाड सुई, जाड तेल, आणि ती दुखायची. सुई दुखली की मला बरं वाटायचं, हे कोणाला सांगितलं तर वेडा म्हणतील. सकाळी जखमा धुणं, मग झाडलोट, दुपारी वाफ्यांना पाणी. संध्याकाळी लांबून समुद्राचा आवाज यायचा आणि मी त्या बाजूला पाठ करून बसायचो.

शेजारच्या खाटेवर सावर्ड्याचे बाबाजी होते. शेतकरी माणूस, साठीचे, पायाची बोटं झिजलेली. मी आल्या दिवशी त्यांनी विचारलं, "धंदा काय?" मी सांगितलं. म्हणाले, "म्हंजे हातावर पोट. आता रोज सकाळ-सांज डोळ्यांनी हात बघायचे. त्यांना विचारून काय उपयोग नाय, ते खोटा बोलतात." मला हा सल्ला इतर सगळ्या औषधांइतकाच उपयोगी पडला, म्हणून इथे देतो. रोज उजेडात हातपाय बघा. कुठे भाजलंय, कापलंय ते डोळ्यांनी शोधा. आणि कुठे दुखेनासं झालं असेल तर त्याचं कौतुक करू नका, डॉक्टर गाठा. लवकर येणारी माणसं बोटं शाबूत घेऊन घरी जाताना मी पाहिली आहेत.

बाबाजींना भेटायला तीन वर्षांत कोणी आलं नाही. मला भागी दर महिन्याला यायची. भावाकडे रत्नागिरीला जाते असं वाडीत सांगून निघायची. भेटणाऱ्यांनी थोडं अंतर ठेवून बाकावर बसायचं, असा नियम. पहिले काही महिने ती तशी बसली. एकदा माझी नखं वाढलेली दिसली, तेव्हा उठून सरळ माझ्याजवळ आली, पिशवीतून कातर काढली आणि हात मांडीवर घेऊन नखं कापू लागली. वाकड्या बोटांची नखं तिनं आधी कापली. पहारेकऱ्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी रडलो. ती म्हणाली, "हालू नका, कातर लागंल." मग तिच्याच लक्षात आलं की लागली तरी मला कळणार नाही, आणि मग तीही रडली.

घरी गेल्यावर तिनं दोन्ही हात राखेनं तीनदा धुतले, हे तिनंच मला नंतर सांगितलं. त्याचा मला राग आला नाही. भीती वाटत असूनही जवळ येणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या वर्षी एका भेटीत ती सहज म्हणाली, "रघू वस्ताद झाला वो. सुकानू डाव्या हातानं धरतो. मीठ पन तुमच्यासारखाच लावतो. आदी सोताचा हात घालतो, शंभर मोजंपर्यंत."

"कुठचा हात?"

"तोच. तुटका. खुंट अजून उकलतात त्याचे. गेल्या साली घामानं भिजला व्हता नुसता, पन काढला नाय. लोक म्हनतात, वस्तादाचा चेला खरा."

आता लिहायला जड जातं ते लिहितो. ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. माझी रीत चालू आहे, माझं नाव निघतं आहे. दुपारी वाफ्यांना पाणी घालताना मला त्या गोष्टीचा अर्थ कळला. माझ्या हाताला काहीच कळत नव्हतं. त्याच्या हाताला सगळं कळत होतं, आणि माझ्याशी बरोबरी करायला तो ते सोसत होता. मी घागर तिथेच ठेवून बसलो. बाबाजींनी विचारलं काय झालं. मी म्हणालो, ऊन लागलं.

आणि दुसरी एक गोष्ट तीन वर्षं मी डॉक्टरांना विचारली नाही. त्या काथवटीतून माझा रोग पोरांना गेला असेल का? उत्तराची भीती होती म्हणून नाही विचारली.

*

सुटायच्या दिवशी विचारली. डॉक्टर म्हणाले, तसा तो जाणं कठीण आहे, पण खात्री मी देणार नाही. त्या सगळ्यांना एकदा इथे आणा, मी तपासतो. "आणि हे तुम्ही मला आज विचारता?" ते म्हणाले.

घरी आलो तेव्हा शांतीचं लग्न दाभोळला जवळजवळ ठरलं होतं. लोक मुंबईच्या गप्पा विचारायला यायचे. मी गोदीतल्या पेटीची गोष्ट सांगितली, चांगली रंगवून सांगितली. आठ दिवसांनी सराव सुरू व्हायचा होता. मी भागीला म्हणालो, मला किनाऱ्यावर जाऊन बोलायला हवं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "शांतीचा काय हुईल ता ठाव हाय ना?"

"हाय."

"लगीन झाल्यावर बोला. दोन म्हैने."

"मीठ आठ दिवसांवर हाय," मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जावा. पन शांतीला आदी तुमी सांगा. मी नाय सांगनार." मी शांतीला सांगितलं. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि ती उठून परसात गेली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

*

सरावाच्या पहिल्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा मी काथवटीजवळ जाऊन उभा राहिलो. रघूनं मला पाहिलं, पुढे येऊन वाकून नमस्कार केला. "वस्ताद, आज मान तुमचा. हात घाला."

मी डावा हात घातला. पाण्यात ठेवूनच बोललो, नाहीतर हिंमत झाली नसती. म्हणालो, हा हात झोंबत नाही. तेव्हाही झोंबत नव्हता. मी मुंबईला नव्हतो. मला रक्तपिती झाली होती, आणि तुमच्याबरोबर या काथवटीत हात घालत होतो तेव्हाच झालेली होती. मला माहीत नव्हतं, पण झालेली होती. ही मर्दानगी नव्हती. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासायला बोलावलंय.

जवळची माणसं मागे सरली. एकानं मला आईवरून शिवी दिली, आणि ती बरोबर होती. कोणी आपल्याच हातांकडे बघू लागलं. कोणी बायकांना घरी पिटाळलं.

रघू जागचा हलला नव्हता. त्यानं विचारलं, "म्हंजे त्या दिशी, मी हात काडला तवा, तुमाला काय लागतच नव्हता?"

"नाय."

"मग मी कच्चा नव्हतो."

"तू कच्चा नव्हतास, रघू. तुझा दुखना खरा होता."

त्यानं काथवट पायानं उलटी केली आणि पाणी वाळूत गेलं. मग होडी वर ओढायला तो एकटाच लागला. मी हात लावायला गेलो तर "ऱ्हावंदे" म्हणाला.

*

दाभोळचा निरोप चार दिवसांत आला. लग्न मोडलं. शांती आता माझ्याशी बोलते, पण लागेल तेवढंच. आमच्या विहिरीवर कोणी येत नाही आणि मला कोणी होडीवर बोलवत नाही. सगळी पोरं तपासून आली. सातजणांना काही नाही. एकाच्या पाठीवर फिकट डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, तुमच्यामुळेच असं नाही, त्याच्या घरातही पूर्वी कोणाला असेल; आणि फार लवकर सापडलाय, सुयांनी जाईल. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची आई मला बघून रस्ता बदलते.

रघूचाही हात तपासायचा होता. तो कोणाबरोबर गेला नाही, शेवटी एकटा निघाला आणि मला म्हणाला, "तुमी चला, वाट तुमाला ठाव हाय." जाताना तो चार पावलं पुढेच चालला. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून टोचलं. त्यानं दर वेळी हं म्हटलं, कापलेल्या बोटांच्या खुंटांवरही.

परत येताना आम्ही खाडी ओलांडायला तरीची वाट बघत धक्क्यावर बसलो होतो. त्यानं विचारलं, "ह्या सगला तुमाला कदी कलला, वस्ताद?"

"पहिल्या दिवशीच. टाचणी बघितली तेव्हा."

"म्हंजे तीन वर्सां झाली."

"हो."

"मी ही तीन वर्सां हात घालत व्हतो." त्यानं तुटका हात गुडघ्यावर ठेवला होता. "तुमी वयनींना पत्र टाकायचात ना? मला एक टाकायचा. मास्तरांनी वाचून दावला असता."

मी म्हणालो, गावात कळलं असतं, शांतीचं लग्न होतं, भागीची पत्रं तिच्या भावाच्या हातून जायची, तुझ्या पाकिटावर तिथला शिक्का आला असता.

"खाली नाव कशाला घालायचा व्हता?" तो म्हणाला. "नुसता लिवायचा, मीठ बंद करा. मी केला असता."

मला सुचलं नाही, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. सुचलं होतं, एकदा कागदही घेतला होता, आणि त्यावर मी भागीला लिहिलं की माझी तब्येत ठीक आहे.